खुनी पहिल्याच पानावर, आणि तरीही!

खुनी कोण, हे मुखपृष्ठावरच सांगून टाकलंय. ‘एका खुन्याची गोष्ट’ असं सरळ उपशीर्षक आहे, आणि पहिल्याच परिच्छेदात त्याचं नाव. संशयित नाहीत, बोटांचे ठसे नाहीत, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उलगडा करणारा गुप्तहेर नाही. मग मी रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात, घरातले सगळे झोपलेले असताना, उभ्या उभ्या पानं का उलटत होते? कुणीतरी समजावून सांगा मला! पाट्रिक झ्यूसकिंडचं ‘दास पार्फुम’. १९८५ साली आलेलं पुस्तक. जगभरात दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि मला ते आत्ता सापडलं, म्युनिकमधल्या आमच्या घराजवळच्या पुस्तकांच्या उघड्या कपाटात. इथे फुटपाथवर अशी कपाटं असतात. आपलं वाचून झालेलं ठेवायचं, हवं ते उचलायचं. कुलूप नाही, नोंद नाही. मी आणलेलं पुस्तक कुण्या शाळकरी मुलाचं असावं, कारण समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या खुणांबद्दल पुढे सांगतेच.

गोष्ट जर्मनीतली नाही. १७ जुलै १७३८, पॅरिस, भर उन्हाळा, मासळीबाजार. एक कोळीण मासे साफ करता करता ठेल्याखालीच बाळंत होते आणि मूल मेलंच असणार असं धरून माशांच्या आतड्यांत टाकून देते. मूल रडतं. त्या रडण्यापायी आईचा शिरच्छेद होतो आणि मूल जगतं. जाँ-बाप्तिस्त ग्रनुई. जगातला कुठलाही वास त्याला कळतो, लक्षात राहतो, मनातल्या मनात जोडता-तोडता येतो. आणि त्याच्या स्वतःच्या अंगाला मात्र कसलाच वास नाही. दूध पाजणारी दाई म्हणूनच त्याला पाद्र्याकडे परत आणून देते. हे पोर वासच मारत नाही, म्हणते. पाद्री हसतो: मुलाला कसला आलाय वास? ती बिचारी सांगायचा प्रयत्न करते की बाळाच्या टाळूला भाजलेल्या साखरेसारखा गोड वास असतो. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. टाळूला तेल घालताना तान्ह्याचा तो वास ज्यांनी घेतलाय, त्यांना ही बाई खरं बोलतेय हे लगेच कळेल. आणि इथूनच भीती सुरू होते. रक्ताचा थेंब नाही, सुरा नाही. एक तान्हं मूल आणि नसलेला वास!

शेजारच्या जर्मन आजींना दारात भेटून म्हटलं, मी ‘पार्फुम’ वाचतेय. त्यांनी हातातली पिशवीच खाली ठेवली. पुस्तक यायच्या आधी, १९८४ मध्ये, ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या वर्तमानपत्रात ते क्रमशः छापून येत होतं, आणि आजींकडे तेच पत्र येई. रोज एक तुकडा. नवरा आधी उठला तर तो तुकडा आधी वाचून मोकळा होई, म्हणून आजी पहाटे जिन्यातून पेपर उचलून आणत. “लेखकाचं नाव आम्हांला फारसं माहीत नव्हतं हो. ‘कोंट्राबास’ नाटकवाला, एवढंच.” ते नाटक १९८१ चं, म्युनिकचंच: एकटा वादक आणि त्याचं अवजड वाद्य. मग मार्सेल राइश-रानिकीने कादंबरीचं कौतुक केलं. हा त्या वर्तमानपत्राच्या साहित्य विभागाचा प्रमुख, सगळ्या जर्मन लेखकांना धाक असलेला समीक्षक. भाषेवर हुकमत असलेला आणि तरी गोष्ट सांगू शकणारा जर्मन लेखक आहे, याचा त्याला झालेला आनंद त्याने लपवला नाही. पुढे जवळपास नऊ वर्षं हे पुस्तक ‘श्पीगेल’च्या खपाच्या यादीत राहिलं. आजींचं मत विचारलं तर म्हणाल्या, पहिला भाग सोन्याचा, दुसऱ्यात मी जेवण करायला उठले, तिसऱ्यात जेवण करपलं.

दुसऱ्या भागाबद्दल आजींशी मी सहमत नाही, पण बहुतेक वाचक आहेत! ग्रनुई पॅरिस सोडतो आणि माणसाचा वास जिथे पोचत नाही अशा डोंगरातल्या एका भुयारात जाऊन पडतो. सात वर्षं. काही घडत नाही. सगळं त्याच्या डोक्यात, आठवणीतल्या वासांच्या दारूवर. माझ्या प्रतीतल्या त्या शाळकरी पोराने या प्रकरणाशेजारी ‘कंटाळा’ लिहून त्याखाली तीन रेघा मारल्यात. इथल्या शाळांमध्ये, वरच्या वर्गांत, ही कादंबरी अभ्यासाला असते; आणि माझ्या ऑफिसातल्या तिशीतल्या मंडळींचं मत त्या एकाच गोष्टीवर ठरतं. परीक्षेसाठी वाचलेल्यांना ‘ग्रनुईचे स्वभावविशेष’ आठवतात आणि ते तोंड वाकडं करतात. सुट्टीत चोरून वाचलेले अजून दबक्या आवाजात बोलतात. एकाने तर मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठून विचारलं, “त्या आलुबुखारवाल्या मुलीपर्यंत पोचलीस का?” पोचले होते. १ सप्टेंबर १७५३ ची रात्र, राजाच्या राज्यारोहणाच्या दिवसाचं दारूकाम, आणि त्या धुराच्या, गर्दीच्या, नदीच्या वासांमधून एक बारीक धागा पकडून मागोमाग जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा. पलीकडच्या टोकाला दिव्याशी बसून छोट्या पिवळ्या आलुबुखारांच्या बिया काढणारी मुलगी. मला माहीत होतं काय होणार. पाचव्या ओळीपासून माहीत होतं. तरी मी त्या धाग्यामागे जात होते, त्याच्याइतक्याच अधीरपणे, आणि धागा सुटला की माझाही जीव खालीवर होत होता.

आता बाल्डिनीचं दुकान. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, क्षमा असावी. सेन नदीवरच्या पुलावर घरं, त्यातल्या एकात म्हातारा अत्तरवाला बाल्डिनी. धंदा बसलेला. प्रतिस्पर्ध्याने काढलेल्या नव्या सुगंधात काय काय घातलंय हे ओळखायला तो रुमालावर थेंब टाकून दुपारभर हुंगत बसतो, आणि नाक बधिर करून घेतो. रात्री कातड्यांच्या कारखान्यातला एक कळकट, कुबडा पोऱ्या बकऱ्याची कातडी पोचवायला येतो आणि म्हणतो, तुम्हांला हवंय ते या खोलीत सगळं आहे, मी करून दाखवतो. मापं नाहीत, तराजू नाही. अंधारात बाटल्या हुंगून काढतो, सरळ ओततो, हलवतो. म्हातारा ओरडतोय, अशी पद्धत नसते, आधी मद्यार्क नसतो घालायचा! आणि तोवर वास तयार. हुबेहूब. वर पोऱ्या म्हणतो, हा काही फार चांगला नाहीये, सुधारून देऊ का? मी मोठ्याने हसले. खुनाच्या कादंबरीत! पुढे हेच पोर ग्रास नावाच्या दक्षिणेकडच्या गावात चरबीचं काम शिकतं. काचेवर शुद्ध केलेली चरबी पसरायची, तिच्यावर ताजी जाई नाहीतर निशिगंध अंथरायचा, सुकलेली फुलं वेचून नवी अंथरायची, असं करत चरबी वासाने भरून काढायची, आणि मग मद्यार्काने तो वास चरबीतून सोडवायचा. आपल्याकडे उत्तरेत चमेलीचं तेल करताना फुलांचे आणि तिळांचे थर लावून ठेवतात आणि मग त्या तिळांचं तेल काढतात, त्याच जातीचं काम. लेखक ही कृती इतकी शांतपणे, इतकी रस घेऊन सांगतो की आपण विद्यार्थ्यासारखे मान डोलवत राहतो. फूल झालं. मग दाराची पितळी मूठ. मग कुत्र्याचं पिल्लू. पिल्लापाशी मान डोलवणं थांबतं, कारण पुढची पायरी कोणती हे त्याच्याआधी आपल्याला कळलेलं असतं. थरार म्हणतात तो हा!

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनकट्ट्यावर मी हे पुस्तक घेऊन गेले आणि नुसता गदारोळ झाला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या एका काकांना ‘झुंजार’ नाही, ‘काळापहाड’ नाही, म्हणजे खुन्याला पकडणारं कुणी ताकदीचं माणूसच नाही, हे पसंत नव्हतं. “मग वाचायचं कुणाच्या बाजूने?” सुहास शिरवळकरांच्या भक्त असलेल्या एका ताईंनी लगेच, “खुन्याच्याच!” म्हटलं, आणि स्वतःच दचकल्या. एका मावशींनी मात्र वेगळंच काढलं. १९७६-७७ मध्ये त्या पुण्यात कॉलेजात होत्या. जोशी-अभ्यंकर खुनांची ती वर्षं: दहा खून, आणि अंधार पडायच्या आत लागणारी दारं. ग्रासमध्ये एकामागून एक मुली मारल्या जाऊ लागतात, बाप आपल्या लेकींना माडीवर कोंडतात, बाहेरच्या माणसावर संशय घेतात, मग बिशप काहीतरी करतो आणि गाव सुटलो म्हणून निःश्वास टाकतं, तो सगळा भाग मावशींच्या मते फ्रेंच नाही, सदाशिव पेठेतला आहे. “आम्हीसुद्धा बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो,” म्हणाल्या. कट्ट्यावर तेवढा वेळ कुणी बोललं नाही.

जर्मन वाचकांकडे अशा भीतीचा जुना साठा आहे. १९२९ च्या सुमाराला डुसेलडॉर्फमध्ये पेटर क्युर्टन नावाच्या खुन्याने शहर हादरवून सोडलं होतं, आणि १९३१ मध्ये, त्याला देहदंड झाला त्याच वर्षी, फ्रित्झ लांगचा ‘एम’ पडद्यावर आला. त्या चित्रपटातला मुलींचा खुनी ओळखला जातो तो त्याच्या शिट्टीवरून. ओळखतो एक आंधळा फुगेवाला. कानाने पकडलेला खुनी. मला ‘दास पार्फुम’ त्याचा उलटा भाऊ वाटतो. इथे खुनी नाकाने शोधतो, आणि त्याला कुणी ओळखू शकत नाही, कारण त्याला वासच नाही.

आणि आता ती समासातली पेन्सिल. शेवटाकडे एक चौक आहे, वधस्तंभ उभा आहे, हजारोंचा जमाव खुन्याचे हाल बघायला आलाय. तिथे काय होतं ते सांगणार नाही, कुणी पैसे दिले तरी नाही. एवढंच की जमाव फिरतो. माझ्या प्रतीत त्या पानाच्या कडेला ठळक अक्षरात फक्त एक आकडा आणि एक चिन्ह आहे: १९३३? गुरुजींनी सांगितलं असेल, नाहीतर त्याचं त्याला सुचलं असेल. इथे बरेच वाचक हा भाग असाच वाचतात: एका क्षुद्र माणसापुढे वितळून गेलेली गर्दी आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं ठरवून विसरणं. झ्यूसकिंडच्या घरातही हा विषय होता. त्याचे वडील, पत्रकार विल्हेल्म एमानुएल झ्यूसकिंड, यांनी नाझी काळाने जर्मन शब्द कसे नासवले यावर इतर दोघांबरोबर पुस्तक लिहिलं होतं. मला हा अर्थ खोटा वाटत नाही, पण तेवढ्यावर भागतही नाही. कारण त्या चौकात पोचेपर्यंत जमाव करतो ते मी आधीच करून बसलेय! दोनशे पानं मी त्याला माफ करत आलेय. त्याच्या अनाथपणासाठी, त्याच्या हुन्नरासाठी, बाल्डिनीच्या दुकानातल्या त्या हसण्यासाठी. मुलींची नावंसुद्धा लेखक मला धड सांगत नाही, आणि मीही विचारलेली नाहीत. शिरवळकरवाल्या ताई दचकल्या त्या यालाच.

चित्रपटाबद्दल विचाराल, तर वाचकांत दोन तट आहेत. २००६ मध्ये टॉम टिक्वरने तो केला, संगीत बर्लिन फिलहार्मोनिकने वाजवलं, बाल्डिनी झालाय डस्टिन हॉफमन. पॅरिसचा तो मासळीबाजार बघताना माझ्या नाकाला खरोखर काहीतरी झालं. पण ग्रनुई झालेला बेन विशॉ फारच देखणा आहे हो! पुस्तकातला ग्रनुई वणांनी भरलेला, लंगडा, कुणाच्या नजरेत न भरणारा. नजरेत न भरणारा माणूस पडद्यावर दोन तास दाखवायचा कसा, हा प्रश्न त्यांना सुटला नाही. चित्रपटाची मागची गोष्ट मात्र झकास आहे. निर्माता बेर्न्ड आयशिंगर वर्षानुवर्षं हक्क मागत होता आणि झ्यूसकिंड देत नव्हता. मधल्या काळात, १९९७ मध्ये, झ्यूसकिंडने हेल्मुट डीटलबरोबर ‘रोसिनी’ नावाचा चित्रपट लिहिला, त्यात एक लाजाळू लेखक आपल्या गाजलेल्या कादंबरीचे हक्क द्यायला तयार नाही आणि निर्माता त्याच्या मागे लागलाय! स्वतःचीच अशी टर उडवणारा हा माणूस एरवी मुलाखत देत नाही, फोटो काढू देत नाही, पुरस्कार नाकारतो. चाळीस वर्षं सगळे बोलतायत, तोच बोलत नाही. इथून जवळच, श्टार्नबर्गच्या तळ्याकाठच्या आंबाख गावी १९४९ मध्ये तो जन्मला. रविवारी आम्ही तिकडे फिरायला जातो तेव्हा मी प्रत्येक सत्तरी ओलांडलेल्या, टोपीवाल्या पुरुषाकडे टक लावून बघते. नवऱ्याला आवडत नाही.

प्रत आता अर्नाळकरवाल्या काकांकडे आहे. त्यांनी परवा फोन केला, म्हणाले, भुयारात अडकलोय, सोडून देऊ का? मी म्हटलं, खबरदार! तिथून बाहेर पडून ग्रासला पोचा, मग बोला. काल रात्री साडेअकराला त्यांचा संदेश आला: “पोचलो. पिल्लाचं झालं. आता झोप कशी लागायची?”