पत्थरगट्टीतला तन्मणी

हैदराबादला तीन दिवस राहून आलो आणि चारमिनारावर चढलो नाही, हे सांगितले की आमच्या कॉलेजातले सहकारी माझ्याकडे दयेने पाहतात. बिर्याणी तरी खाल्लीत ना, असे एकाने विचारले. मी शाकाहारी आहे, हे ऐकल्यावर त्याने माझा नादच सोडला. पण खरे सांगायचे तर चारमिनार मी तीनही दिवस पाहत होतो. त्याच्यापासून दोन-तीनशे पावलांवर, पत्थरगट्टीतल्या एका दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलो होतो आणि माझ्यासमोर पांढऱ्या फडक्यावर आईच्या तन्मणीचे मोती सुटे होऊन पडले होते.

आमचा हा तन्मणी मूळचा हैदराबादचाच. आजीचे माहेर तिथले. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा परभणीच्या घराला हैदराबाद हीच राजधानी. कज्जे-खटले तिथे, मोठा दवाखाना तिथे आणि लग्नाचे मोतीही तिथलेच. आजीच्या वडिलांनी तिच्या लग्नात हा तन्मणी घातला. तीन पदर, मधोमध खोड. खोडात एक लाल खडा, त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांचे कच आणि खाली लोंबता पाचू. आजीकडून तो आईकडे आला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्यापूर्वी तिने सांगून ठेवले होते, की या एकाचे दोन करा. एक ताईला, एक माझ्या मुलीला, सईला.

एकाचे दोन करणे सोने असते तर सोपे होते. वितळवले, तोलले, संपले. मोत्यांचे तसे नाही. आमच्या गावच्या सराफाने तन्मणी हातात घेऊन पुन्हा डबीत ठेवला आणि म्हणाला, "सर, हे काम आमचं नाही. जिथून आला तिथंच न्या." म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत रात्रीच्या गाडीने निघालो. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात होती आणि त्या खिशाला आमच्या हिने वरून टाके घातले होते. ते सकाळी काचीगुड्याला मावसभावाच्या घरी कात्रीने उसवावे लागले.

मुसी नदीवरचा नयापूल ओलांडला की मदिना चौक लागतो आणि तिथून चारमिनारापर्यंत पत्थरगट्टी. नाव ऐकून दगडगोट्यांची वस्ती वाटेल, पण आहे ती दगडी कमानींची, दुतर्फा सारखी बांधलेली बाजारपेठ. या शहरापासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी मोत्यांचे शहर म्हणून याचे नाव, कारण निजामांना मोत्यांचा षौक होता आणि जिथे गिऱ्हाईक तिथे माल, जिथे माल तिथे कारागीर. इराणच्या आखातात, बहारीनच्या बाजूला पाणबुडे जे मोती काढीत ते बसऱ्याच्या बाजारातून येत म्हणून त्यांना बसरा मोती म्हणत. ते येथे विंधले जात, निवडले जात, ओवले जात. निजामांचा सातपदरी बसरा हार मी 2019 साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिला होता. सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना तो सगळा खजिना विकत घेतला, त्यातलाच तो. काचेआड, दिव्याखाली तो इतका स्वच्छ निजला होता, की कुणाच्या गळ्यात कधी घामेजला असेल असे वाटेना. दागिना असा एकटा पाहू नये.

मावसभावाच्या ओळखीने ज्या कारागिराकडे गेलो ते सत्तरीच्या पुढचे गृहस्थ होते. बारीक शरीर, डोळ्याला भिंग, उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा धागा अडकवून ओवायची सवय. त्यांची दखनी ऐकून माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. 'नक्को' तर आपला आहेच, पण 'ऐसाइच', 'उनोंच' यातला 'च'सुद्धा मराठीकडूनच गेलेला. मी हे त्यांना उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हौ साब. अब डिब्बा खोलो."

दुकानात गिऱ्हाइकाला मोती दाखवतात ते लाल किंवा निळ्या मखमलीवर. तिथे कुठलाही मोती राजबिंडा दिसतो. काम मात्र पांढऱ्या फडक्यावर, दाराच्या उजेडात. मग कळते, की पांढरा म्हणून एक रंग नाहीच. कुणी सायीसारखा, कुणी गुलाबी छटेचा, कुणी जुन्या हस्तिदंतासारखा. जुन्या बसऱ्याला वयाने पिवळसर झाक येते. आमच्या तन्मणीतले मोती त्या रंगाचे होते. त्यांनी जुना धागा कापला, मोती पन्हाळीच्या ताटलीत ओळीने लावले, एकेक उचलून भिंगाखाली त्याच्या वेजात पाहिले. हे काम दीड तास चालले. मग चिमट्याने काही मोती बाजूला सारून म्हणाले, "एक सौ छब्बीस दाने. ये ग्यारा इनके घराने के नहीं हैं."

अकरा मोती कल्चरचे होते. शिंपल्यात माणसाने गोळी घालून वाढवलेले. जपानात मिकिमोतो यांनी 1893 साली ही युक्ती साधली आणि पुढे चाळीस वर्षांत आखातातला मोत्यांचा धंदा बसला. खोटे नव्हेत ते, शिंपल्यातलेच. पण वेजातून पाहिले की आतली गोळी आणि वरचा थर यांच्यामध्ये काळसर रेघ दिसते. भिंग त्यांनी मला दिले. पहिल्या दोन मोत्यांत मला काही दिसले नाही, तिसऱ्यात दिसली. केसाएवढी रेघ. त्यानंतर दुसरे काही दिसेना.

येथे एक घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. लाज वाटते, पण सांगतो. आईच्या आजारपणात तन्मणी वर्षभर ताईकडे होता. तो परत आला तेव्हा आमची ही सहज म्हणाली होती, "मोजून घ्यायला हवे होते का हो?" मी तिला रागावलो होतो. आणि आता पत्थरगट्टीच्या त्या गादीवर मीच मनातल्या मनात मोजत होतो. बसऱ्याच्या एका मोत्याला आज काय किंमत येते, अकरांना काय येईल. जिने मला शाळेत हाताला धरून नेले त्या माझ्या बहिणीबद्दल हा हिशेब. कारागिराने माझा चेहरा पाहून चहा मागवला.

रात्री फोन केला. काय विचारावे ते ठरले नव्हते. प्रवास, हवा, मावसभावाचा गुडघा असे सगळे बोलून झाल्यावर म्हटले, "ताई, मोत्यांत काही मोती वेगळे निघाले."

"अकरा ना?" ती म्हणाली.

मी गप्प. मग तिने सांगितले. 1987 चे साल. ती अकरावीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जिजाबाई झाली होती. आईला न विचारता कपाटातून तन्मणी काढून घालून गेली. घरी येऊन मोरीत तोंडाचा रंग धुताना धागा तुटला. खोड हातात राहिले, मोती मोरीत. आई आली, ओरडली नाही, पदर खोचला आणि मोरीच्या तोंडाशी पिठाची चाळणी धरून बसली. बाबा दौऱ्यावर होते. रात्री एकपर्यंत शोधले, तेव्हा अकरा कमी पडले. पुढच्या महिन्यात नात्यातल्या लग्नाचे निमित्त करून आई हैदराबादला गेली, भिशीचे पैसे घातले आणि अकरा कल्चरचे घेऊन गाठवून आणला. बाबांना शेवटपर्यंत कळले नाही.

"तू बॅटरी धरून उभा होतास," ताई म्हणाली. "आठ वर्षांचा होतास. झोप येत होती तुला."

बॅटरी मला आठवत होती. मोरीतला ओला वास, आईच्या हातातली चाळणी, सगळे आठवत होते. मला फक्त वाटत होते, की आम्ही कानातले शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी कारागिरासमोर जरा मान खाली घालूनच बसलो. खरे काम आता सुरू झाले. मोती आणि रंगीत खडे एकत्र ओवायचे म्हणजे चवीपुरता रंग टाकला की झाले, अशी माझी समजूत होती. पण मोती हा मऊ जिनस. माणिक, पाचू त्याच्याहून कितीतरी कठीण. शेजारी बसले तर हालचालीत मोत्याला घासतात, काही वर्षांत त्याची कातडी जाते. म्हणून मध्ये गाठ किंवा सोन्याचा बारीक मणी पाहिजे. खडा जड, मोती हलका. म्हणून खडा चुकीच्या जागी पडला तर सर तिथे खचतो आणि गळ्यावर कोन करून बसतो. पाचूला साबणाचे गरम पाणी दाखवायचे नाही, त्याच्या भेगांत तेल भरलेले असते ते निघून जाते. खोडातला लाल खडा माणिक नसून लालडी आहे हेही त्यांनी सांगितले आणि माझा चेहरा पडलेला पाहून समजूत घातली, की बादशहांच्या हारांतही लालडीच असत. इंग्लंडच्या राजमुकुटातले प्रसिद्ध माणिकही लालडीच निघाले.

खोड सईला द्यावे, पाचूचा लोलक सोडवून ताईला, हे चटकन ठरले. लालाजवळ पिवळसर मोती उजळतात, हिरव्याजवळ शांत होतात; दोन्ही बायकांना दोन्ही शोभेल असे त्यांचे मत पडले. सईचे दोन पदर अडतीस-अडतीस मोत्यांचे. ताईला उरलेले एकोणचाळीस आणि ते अकरा, मिळून पन्नासांचा एकच सर. आता अकरांची जागा. ते जरा जास्त गोल, जरा जास्त पांढरे. आधीच्या गाठवणाऱ्याने ते मागे, गोंड्याजवळ, मानेखाली लपवले होते. या कारागिरांनीही तेच सुचवले. "पीछे जाने दो साब. कौन देखता?"

मी ताईला फोन लावून विचारले. ती म्हणाली, "मागं नको. पुढं घे."

हे ऐकून कारागीर भिंग काढून थोडा वेळ बाहेर रस्त्याकडे पाहत बसले. अडचण खरी होती. पिवळसर मोत्याला लागून पांढरा आला, की एक जुना दिसतो आणि दुसरा खोटा. त्यांनी ओळ लावून पाहिली, मोडली, पुन्हा लावली. शेवटी एका पुडीतून लालडीचे दोन मणी काढले आणि अकरांच्या दोन्ही टोकांना एकेक ठेवला, आजूबाजूला सोन्याचे बारीक मणी. आणि ओळ बसली! दोन पांढऱ्यांच्या मध्ये रंग आला, की डोळा त्यांची तुलना करीत नाही. आधी रंग पाहतो, मग पुढे जातो. अकरांतल्या मधल्या, सहाव्या मोत्याखाली पाचू. मी विचारले, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, शिकलो कुठे, हजार वेळा चुकलो.

मोत्याच्या तेजाला आपण पाणी म्हणतो, ते आब म्हणतात. शब्द फारसी, अर्थ पाणीच. आपल्या 'आब राखणे' मधला आब तोच, हे मी त्यांना सांगणार होतो. पण ते ओवत होते. एक मोती, एक गाठ, सुईने गाठ मोत्याच्या तोंडाशी सरकवायची, ओठांनी धागा ओला करायचा. बाहेर लाड बाजाराकडे जाणाऱ्या बुरख्यांची, रिक्षांची, केळीवाल्यांची गर्दी आणि आत इतकी शांतता, की गाठ बसल्याचे ऐकू येईल असे वाटावे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काम पुरे झाले. त्यांनी माझ्याकडून दोनदा मोती मोजून घेतले. जुना कापलेला रेशमाचा धागाही कागदात बांधून दिला. मजुरी त्यांनी सांगितली तेवढीच दिली. घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

परभणीला आलो त्या रात्री ही म्हणाली, "मोजून घेतलेत ना?" मी म्हटले, घेतले. मग तिला मोरीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून मोरीत गेली आणि दिवा लावून जाळी पाहून आली. मोरी तीच आहे, फरशी तेवढी बदलली.

यंदा भाऊबीजेला ताई येणार आहे. सर डबीत ठेवला आहे आणि डबीत जुन्या धाग्याची पुडीही. ओवाळणीच्या तबकात ती कशी ठेवायची यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.