बेअरिंगचा आवाज

आमच्या मिरजेत कानाला मोठा मान. सतारमेकर गल्लीतून चालत गेले की कुठल्यातरी दुकानात जवारी लावण्याचे काम चाललेले दिसते. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा घासतो. तासन्‌तास. एकेकाळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ही कला उभी राहिली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही त्या घराण्यांतले नव्हे. आम्ही पलंग, कपाटे, दारे-खिडक्या बनवणारे. पण आमच्या पत्र्याच्या शेडमध्येही एक कान होता. तो अब्बांचा.

अब्बांची रीत अशी, की मशीन चालू असताना ते काही ऐकत नसत. "चालू मशीन तो सबच चिल्लाता," म्हणत. रंधा मशीनचे बटण सोडले की मोटार लगेच थांबत नाही, आपल्याच वेगावर काही सेकंद फिरत राहते. तेवढ्यात ते कान पुढे करीत. नुसती वाऱ्याची शीळ आली तर ठीक. तिच्यात खरखर मिसळली, किंवा फिरता फिरता मशीन अडखळून थांबले, की वायर काढून ठेवीत. "बेअरिंग गया. आज नहीं तो आठ दिन में." आठ दिवसांत ते जाईच. आम्ही दोघे भाऊ तेव्हा शाळेत होतो. आम्हाला तो जादूचा प्रकार वाटे.

काढून टाकलेल्या बेअरिंगवर हक्क आमचा. कटर मशीनची मोठी बेअरिंगे मिळाली तर सणच. फळीला पुढे एक, मागे दोन बेअरिंगे बसवली की गाडी तयार. उतारावरून ती खडखडत निघाली की दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्या खिडकीतून शिव्या देत. यंत्राला जे निकामी झाले होते ते आम्हाला वर्षभर पुरत असे.

पुढे आम्ही दोघेही त्याच शेडमध्ये लागलो आणि आकडे पाठ झाले. बेअरिंगच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. ६०८ म्हणजे आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. ६००० चे भोक १०, ६००१ चे १२, ६००२ चे १५, ६००३ चे १७. ६२०० पासूनच्या मालिकेतही भोके हीच, फक्त अंग भरलेले. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणायचे: ६२०४ चे भोक २०, ६२०५ चे २५. ज्याने कुणी ही पद्धत काढली त्याला आमचा सलाम. नववीत गणित सोडलेल्या आमच्या थोरल्यालाही ती अडत नाही.

आता ती गोष्ट, जी आम्ही बरीच वर्षे कुणाला सांगितली नाही.

२०११ च्या लग्नसराईत ओळखीच्या एका घरचे काम होते. मुलीच्या लग्नासाठी सागवानी कपाट. लाकूड त्यांनी स्वतः जपून ठेवलेले होते, जुन्या वाड्याच्या तुळयांचे. दारांच्या फळ्या आम्ही दोघांनी रंधा मशीनवर साफ केल्या. मशीन ओरडत होते. बटण सोडल्यावरची ती खरखर आम्हा दोघांनाही ऐकू येत होती. अब्बा चार हातांवर बसून चौकटीची कुसे काढत होते. ते काही बोलले नाहीत. अब्बा बोलले नाहीत म्हणजे मशीन ठीक आहे, असे आम्ही धरून चाललो. इतक्या वर्षांची सवय.

रंधा मशीनचे ब्लेड ज्या ड्रमवर बसते त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग असते. ड्रम मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतो. बेअरिंगमध्ये केसाएवढी जरी ढिलाई आली तरी ब्लेड प्रत्येक फेऱ्याला सारखे टेकत नाही, आणि फळीवर बारीक लाटा उठतात. कोऱ्या लाकडावर त्या दिसत नाहीत. हातालाही लागत नाहीत. पॉलिश चढले आणि खिडकीतून तिरपा उजेड पडला की मग दिसतात, तलावावर वारा गेल्यासारख्या. मुलीचे वडील कपाट बघायला आले तेव्हा सकाळची वेळ होती आणि उजेड अगदी तिरपा होता. ते ओरडले नाहीत. "मिस्त्री, हे असंच राहणार का?" एवढेच म्हणाले.

पॉलिश खरवडून, दारे पुन्हा घासून, नव्याने पॉलिश करून ते कपाट मुलीच्या सासरी पोहोचले, ते रुखसतीनंतर पाचव्या दिवशी.

त्या संध्याकाळी अब्बांनी आम्हाला समोर बसवले. "तुम दोनों को सुनाई नहीं दिया?"

"दिया अब्बा. पन तुम कुछ बोले नहीं, तो हमको लगा ठीक हय."

ते उठले. मशीनची वायर लावली, बटण दाबले, सोडले. नेहमीसारखा कान पुढे केला. खरखर सगळ्या शेडमध्ये भरली होती. मशीन थांबल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिले. "अब्बी बोलरी क्या वो?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

मिरज दवाखान्यांचे गाव, तपासणीला लांब जावे लागले नाही. काचेच्या खोलीत बसवून कानाला आवाज ऐकवले आणि कागदावर रेघ काढली. खालच्या सुरांपर्यंत रेघ बरी चालली होती. चार हजार हर्ट्‌झच्या आसपास ती खड्ड्यात पडली. गोंगाटाने जाणारे कान असेच जातात, डॉक्टरांनी समजावले. पहिल्यांदा बारीक, उंच आवाज जातात: चिमण्या, लहान मुलांचे बोलणे, 'स' आणि 'श'. माणसाला वाटते समोरचा पुटपुटतो आहे. आतल्या कानात केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. रोजचे आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कान सोसतो. आमचे रंधा मशीन आणि राउटर त्याच्या कितीतरी वर. अब्बांनी वीस वर्षे ते उघड्या कानांनी ऐकले होते, आणि शेवटी जो आवाज त्यांना सगळ्यांत आधी कळायचा तोच सगळ्यांत आधी गेला होता. बेअरिंगची ती खरखर नेमकी उंच सुरातली.

घरी आल्यावर आम्ही चिडून त्याच दिवशी बेअरिंग बदलायला बसलो. पूर्वी हे काम अब्बा करीत, आम्ही फक्त बघत असू. बघणे आणि करणे यात किती अंतर असते ते त्या रात्री कळले. वायर काढली, आधी कार्बन ब्रश बाहेर घेतले, पट्टा उतरवला, जुनी बेअरिंगे पुलरने ओढून काढली. इथपर्यंत ठीक. नवे बेअरिंग शाफ्टवर ठेवले आणि वरून हातोडीने ठोकून बसवले. मशीन गुळगुळीत चालले. आम्ही खूश. बारा-तेरा दिवसांत खरखर परत!

रिवाइंडिंगवाल्या काकांकडे मशीन घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते बेअरिंग बोटांत धरून फिरवले आणि आमच्या हातात दिले. "फिरवा. लागतंय का बोटाला? खड्डे पडल्यात त्यात. हातोडी कुठं मारलीसा? बाहेरच्या रिंगेला? मग तो दणका आतल्या रिंगेला गोळ्यांतनंच गेला की. नवीन बेअरिंग मारूनच बसवलंय तुम्ही."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसत असेल तर जोर फक्त आतल्या रिंगेवर. तेवढ्याच मापाचा पाइपचा तुकडा किंवा जुना सॉकेट तिच्यावर टेकवायचा आणि सरळ दाबायचे. व्हाइसमध्ये दाबता आले तर हातोडीला हातच लावायचा नाही. घरात, म्हणजे मशीनच्या बॉडीत, घट्ट बसत असेल तर जोर बाहेरच्या रिंगेवर. गोळ्यांवरून जोर कधीच जाऊ द्यायचा नाही. शाफ्ट आधी पुसायचा, तेलाचा थेंब द्यायचा. पुलरने बाहेरच्या रिंगेला धरून ओढलेले बेअरिंग चांगले दिसले तरी पुन्हा वापरायचे नाही. ते मुलांच्या गाडीचे.

गोळी किती गोल असावी लागते याचा अंदाज आम्हाला कधी आला नव्हता. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉनने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पण हजारो गोळ्या तंतोतंत एकसारख्या घासणारे यंत्र यायला १८८३ साल उजाडले. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने ते बनवले. एवढ्या खटाटोपाने गोल केलेली वस्तू आम्ही पावशेर हातोडीने बसवली होती!

नकली मालाचेही आम्ही एकदा भोगले आहे. खोका तोच, नाव तेच, किंमत निम्मी. कोरलेली अक्षरे भिंगातून पाहिली तर जरा पसरलेली. ते राउटरला लावले. बेअरिंग जाम झाले, बाहेरची रिंग प्लॅस्टिकच्या घरातच फिरू लागली आणि तिने घर वितळवले. आर्मेचर फील्डला घासून जळाले. वाचवलेल्या शंभर रुपयांपायी अख्खी मोटार गेली. झाकणाचेही तसेच. नंबरापुढे झेड झेड असेल तर पत्र्याचे झाकण, त्याच्या कडेला बारीक फट असते. आरएस असेल तर रबराचे, ते आतल्या रिंगेला टेकते. लोखंडी कामाला पत्र्याचे चालेल, पण लाकडाचा बारीक भुसा, त्यातही एमडीएफचा पीठासारखा भुसा, त्या फटीतून आत जातो आणि ग्रीसची चिक्की करतो. आम्ही रबराचेच घेतो. मात्र फार वेगाच्या मशीनला रबर घासून गरम होते, म्हणून जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, वाचल्याशिवाय नवे आणत नाही. तिथे सी-३ लिहिले असेल तर सी-३ च. त्यात गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक ठेवलेली असते, तापल्यावर फुगायला.

कानांवर घालायची टोपणे आम्ही त्याच वर्षी आणली, पाच जोड. अब्बांना दिली तर म्हणाले, "अब्बी क्या बचाने का?" डॉक्टरांनी उरलेले वाचवा म्हणून सांगितले होते; ते सांगायला आम्हाला चार दिवस लागले. कामावरची पोरे पहिले वर्षभर ती गळ्यात घालून हिंडत. आता टोपण कानावर नसेल तर मशीनची वायर लावायची नाही, असा दंडक आहे. पण त्यातून नवीच पंचाईत झाली: टोपण घातले की बेअरिंग ऐकू येत नाही. म्हणून दर शनिवारी काम संपल्यावर एकेक मशीन रिकामे चालवून बंद करायचे, टोपणे काढायची आणि ऐकायचे. पोरांना त्यात कंटाळा येतो. धाकटा जबरदस्तीने बसवतो.

अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. शेडमध्ये रोज येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात. गेल्या महिन्यात राउटर खरखरायला लागला. खालचे, बिट जिथे धरतो तिकडचे मोठे बेअरिंग थोरल्याने बदलले. नियमाप्रमाणे, पाइप लावून. चालवून पाहिले, गुळगुळीत. तो बंद होत असताना अब्बांनी हात पुढे केला आणि मोटारीच्या डोक्यावर तळवा ठेवला. राउटर पूर्ण थांबेपर्यंत तो तिथेच होता.

"एक बदले. ऊपर का बाकी हय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. तरी पुन्हा स्क्रू काढले. वरचे छोटे बेअरिंग ओढून बाहेर घेतले, पुसले, आतल्या रिंगेत बोट घालून सावकाश फिरवले. एका जागी वाळूचा कण लागावा तसे लागले. पुन्हा फिरवले, पुन्हा त्याच जागी.

डब्यात ६०८ शिल्लक नव्हते. सहा वाजायला आले होते आणि सांगलीचे दुकान सातला बंद होते. थोरल्याने जुने बेअरिंग नंबर दाखवायला खिशात टाकले आणि गाडीची किल्ली मागितली.