एका नावाचं तिकीट

अंध प्रवाशाबरोबर त्याच्या सोबत्यालाही रेल्वे तिकिटात सवलत मिळते. गेली नऊ वर्षं माझ्या प्रत्येक तिकिटावर म्हणून दुसरं नाव असायचंच, कधी आईचं, कधी भावाचं. या श्रावणात मात्र दादर ते रत्नागिरी, मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मी एकटीचं काढलं. आई फलाटापर्यंत आली. "अगं, उतरताना कुणाला तरी सांग," एवढंच तीनदा म्हणाली.

माझी नजर एका दिवसात गेली नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजार हळूहळू पावलं टाकतो. शाळेत असताना संध्याकाळी अडखळायला लागले. मग नजर कडांकडून आकसत गेली, नळीतून पाहावं एवढीच उरली आणि सव्विसाव्या वर्षी तीही गेली. पुढे स्क्रीन रीडरवर काम शिकले, बँकेत नोकरी लागली. नातेवाइकांनी पेढे वाटले, "जिंकलीस पोरी" म्हणाले. त्याच दिवसांत मी पांढरी काठी घडी करून पर्समध्ये लपवायचे आणि भावाचा हात धरून बँकेच्या दारापर्यंत जायचे. जगाला यश दिसत होतं. मला ठाऊक होतं की मी रस्त्याला घाबरते, आणि रस्त्याहून जास्त लोकांच्या हळहळीला.

रोहा मागे पडलं आणि ओल्या मातीचा वास डब्यात शिरला. इथून कोकण रेल्वे सुरू होते. 1998 साली हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबांच्या मांडीवर बसून बोगदे मोजायचे, मधेच आकडा चुकायचा. आता तेच बोगदे कानांनी मोजत होते. भातखाचरांतून जाताना गाडीचा आवाज दूरवर पसरत जातो. डोंगर कापून केलेल्या वाटेत तो दोन्ही अंगांनी परत येतो. पुलावर पायांखाली पोकळी घुमते. बोगद्यात शिरताना तर कानांवर हवेचा दाबच येतो. बाबांनी बोट दाखवून शिकवलेलं कोकण मला अजून पाठ होतं.

चिपळूणच्या अलीकडे चहावाला आला. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांच्या लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक असतो. बोटांना तो सरावानं कळतो. शंभराची काढून दिली, त्यानं उरलेले पैसे हातावर मोजून ठेवले. भीतीचंही असंच आहे, असं चहा पिताना वाटलं. पूर्वी ती सगळी एकसारखी, एकाच मापाची वाटायची. हाताळत गेले तसे फरक कळायला लागले: गाडी आणि फलाटामधल्या फटीची भीती खरी, तिथे काठी लावायचीच, "बिच्चारी" हा शब्द ऐकू येण्याची भीती मात्र मी उगाच मोठी करून ठेवली होती.

उक्षी गेल्यावर करबुडे बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताच रेंज गेली आणि स्टेशनांची नावं सांगणारा फोन गप्प झाला. तळहात घामेजले. मग लक्षात आलं, हा बोगदाच तर माझी खूण आहे. तो संपला की भोके आणि पुढे रत्नागिरी. पिशवी आवरली, काठी उघडली आणि दाराकडे निघाले.

गाडी थांबली. कुणीतरी मागून दंड पकडून मला ओढलं, अगदी मायेनं. काठी अडकली, पाऊल चुकता चुकता राहिलं. असं ओढणं मी वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसलं होतं. आज म्हणाले, "दादा, ओढू नका. तुमचं कोपर द्या, मी धरते. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला." क्षणभर तो गोंधळला, मग कोपर माझ्या हाताला लागलं. तो खाली उतरला तशी पायरीची उंची मला त्याच्या हातातूनच कळली. रिक्षापाशी सोडताना म्हणाला, "ताई, असं धरायचं असतं हे मला माहीतच नव्हतं."

स्वावलंबन म्हणजे कुणाचाच हात न धरणं, असं मी समजत होते. तो हात मी मागितला होता, कसा हवा ते सांगून मागितला होता, आणि तरीही प्रवास माझाच राहिला होता.

रिक्षा मांडवीच्या किनाऱ्यावर थांबली. समुद्र समोरच्या दगडांवर आपटत होता. "ताई, मी इथंच थांबतो," रिक्षावाले काका म्हणाले. मी म्हटलं, "अर्ध्या तासानं या, काका." ते गेले आणि छातीत धडधडायला लागलं. चपला काढल्या. ओल्या वाळूत दहा पावलं मोजत पुढे गेले, तोच लाट पायांवरून गेली. भीती सोबत होतीच. तिचं माप आता माझ्या हाताला माहीत होतं.

मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. मी काठी पुढे केली आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागले.