वकीलपत्रानंतरचे काम

तालुक्याच्या गावी किंवा शहरातल्या वस्तीत एखाद्या विश्वस्त संस्थेने चालवलेल्या मोफत कायदा मदत केंद्राला जागा फारशी लागत नाही. एक टेबल, एक बाक, फायलींचे कपाट आणि आठवड्यातले ठरलेले वार एवढ्यावर ते उभे राहते. या कामाची परंपरा मात्र जुनी आहे. मुंबईत 1924 साली ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली आणि 1949 मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद 39-क आला. 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीचा मोफत वकिलाचा हक्क अनुच्छेद 21 शी जोडला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवेस पात्र असतात. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला की वकील मिळतो. पण वकिलापर्यंत पोचण्याआधीचे आणि आदेश हाती पडल्यानंतरचे काम करायला बहुधा कोणी नसते. केंद्राची गरज तिथे आहे. पैशांची ओढाताण असलेल्या केंद्राने तर हे सतत डोळ्यांपुढे ठेवावे लागते. वकीलपत्रे किती दाखल झाली यावर केंद्राचे मोल ठरत नाही. हाती घेतलेली किती प्रकरणे शेवटपर्यंत नेली यावर ठरते.

काम सुरू होते ते ऐकण्यापासून. टेबलापाशी येणारा माणूस अडचण घेऊन येतो, दावा घेऊन येत नाही. मुलाचा शाळेचा दाखला सासरी अडकला आहे, एवढेच सांगणाऱ्या बाईच्या बोलण्यात मारहाण, घराबाहेर काढणे, पोटगी आणि मुलांचा ताबा हे सगळे दडलेले असू शकते. म्हणून पहिल्या भेटीत आधी सगळे बोलू द्यावे, मग तारखांसह घटनाक्रम लिहावा. सोबत भाऊ, वडील किंवा गावातले कोणी आले असेल तर त्यांना आदराने बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणे आवश्यक असते. तिला घटस्फोट हवा आहे की राहायला छप्पर, हे तिच्याच तोंडून समजले पाहिजे. लिहिलेला घटनाक्रम तिला वाचून दाखवावा. आपले म्हणणे कागदावर जसेच्या तसे उतरले आहे हे कळले, की पुढे उलटतपासणीत ती गडबडत नाही.

त्यानंतर कागद. लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच, जमिनीचा प्रश्न असेल तर सातबारा आणि फेरफार. मूळ कागद केंद्रात ठेवून घेऊ नयेत. झेरॉक्स काढून ते त्याच वेळी परत करावेत आणि ठेवावाच लागला तर सहीची पावती द्यावी. गरीब माणसाकडे असे कागद मोजकेच असतात आणि एक हरवला तर तो पुन्हा मिळवण्यात महिने जातात.

मार्ग निवडताना कोर्ट हा एकच पर्याय समोर ठेवून चालत नाही. वारसनोंद रखडली असेल तर तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे केलेला नीट अर्ज पुष्कळदा पुरतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत 2005 च्या कायद्याखाली एकाच अर्जात संरक्षण, निवास, आर्थिक मदत आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. त्या कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच कितीतरी वेळ जातो. हे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगावे. खोटा धीर दिलेला माणूस तिसऱ्या तारखेला येईनासा होतो.

तडजोडीबाबत विशेष दक्षता लागते. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे सहीआधी प्रत्येक अट पक्षकाराला त्याच्या बोलीत समजावली पाहिजे. मारहाणीच्या प्रकरणात केवळ फाईल बंद व्हावी म्हणून समेटाचा आग्रह धरणे हा अन्याय आहे.

वकिलांची व्यवस्था हा केंद्राचा सर्वांत नाजूक भाग. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या वकिलाला कोर्टात वकिली करता येत नाही. म्हणून संस्था वकिलांना बहुधा प्रकरणागणिक मानधन देतात आणि पगारी कार्यकर्ते कोर्टाबाहेरचे काम सांभाळतात. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणेही वकिलांना निषिद्ध आहे. वकीलपत्र वकिलाच्या नावावर असते. कोर्टापुढे पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार संस्थेला नसतो. वकील जिल्ह्याला निघून गेला किंवा मानधन थकल्याने मागे पडला, तर पक्षकार अधांतरी राहतो. यावर उपाय साधे आहेत. वकीलपत्रावर दोन वकिलांची नावे असावीत आणि दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत केंद्राच्या फाईलमध्ये असावी.

केंद्राचा प्राण त्याच्या नोंदवहीत असतो. प्रत्येक प्रकरणापुढे सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकातील प्रकरणाचा ओळख क्रमांक), पुढची तारीख, ती तारीख कशासाठी आहे आणि कायद्याने घातलेली मुदत, एवढ्या नोंदी हव्यातच. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात, उच्च न्यायालयात 90. पोटगीचा कायदा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. त्याखालच्या थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. आदेश मिळाला म्हणून फाईल कपाटात गेली आणि वर्ष उलटले, तर त्या महिन्यांच्या वसुलीसाठी वॉरंट मागता येत नाही. आदेशाची नक्कल काढणे, दरमहा पैसे आले का हे विचारणे, न आल्यास लगेच अर्ज करणे, हे काम निष्णात वकिलापेक्षा चिकाटीचा कार्यकर्ता चांगले करतो.

तारखेआधी दोन दिवस पक्षकाराला फोन केला पाहिजे आणि तारखेनंतर रोजनामा वाचला पाहिजे. गैरहजेरीत प्रकरण निकाली निघण्यामागे अनेकदा बेफिकिरी नसते. बुडणारी मजुरी असते, गाडीभाडे असते. एसटीत 2023 पासून महिलांना निम्मे भाडे पडते, तरीही दिवसाचा रोजगार बुडतोच. महाराष्ट्रात पोटगी, विवाहातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना 1994 च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. झेरॉक्स, टायपिंग आणि प्रवास यांचा खर्च मात्र उरतोच, आणि केंद्राच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद हवी.

पैशांची तंगी येते ती याच टप्प्यावर. खटला वर्षानुवर्षे चालतो. देणगी वर्षभराची असते. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारी निधी ज्या कामांवर खर्च करता येतो, त्या सातव्या अनुसूचीत कायदा मदत नावानिशी नाही. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थांना 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पूर्वी ही मर्यादा 50 टक्के होती. शिवाय देणगीदाराला आकडे हवे असतात आणि आकडे शिबिरांतून पटकन मिळतात. शिबिरे उपयोगी आहेत, पण शिबिरांसाठी पाठपुरावा मागे पडू लागला की केंद्राचा पाया सुटतो.

तंगीत काय कमी करायचे याचा क्रम ठरलेला असावा. आधी नवी वकीलपत्रे थांबवावीत. नव्या पक्षकाराला परत पाठवू नये. घटनाक्रम, कागदांच्या प्रती आणि भरलेला अर्ज देऊन तालुका समितीकडे पोचवावे. 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांक सांगावा, पण केवळ क्रमांक सांगून मोकळे होऊ नये. जवळ विधी महाविद्यालय असेल तर त्याची मदत घ्यावी. प्रत्येक विधी महाविद्यालयाने मदत केंद्र चालवावे असा बार कौन्सिलचा नियम आहे. टायपिंग, नोंदवही आणि कागद जुळवणे विद्यार्थी उत्तम करतात. शिबिरे आणि छापील पुस्तिका त्यानंतर कमी कराव्यात. चालू प्रकरणांचे मानधन, पक्षकारांना फोन करणारी व्यक्ती आणि टेबलाचा ठरलेला वार यांना सर्वांत शेवटी हात लावावा. पक्षकाराकडून आडवाटेने पैसे घेणे हा उपाय नव्हे. एकदा ती सवय लागली की मोफत या शब्दावरचा वस्तीचा विश्वास उडतो आणि तो परत येत नाही.

सगळे करूनही केंद्र बंद करण्याची वेळ येऊ शकते. तेही रीतसर केले पाहिजे. प्रत्येक पक्षकाराला भेटून सांगावे, ठेवून घेतलेले मूळ कागद पावती घेऊन परत करावेत, फाईलची पूर्ण प्रत द्यावी, जुन्या वकिलाची ना-हरकत घेऊन नवे वकीलपत्र दाखल करून घ्यावे. मुदतीचे कामकाज बाकी असेल तर ते आधी उरकावे. तालुका समितीला चालू प्रकरणांची यादी द्यावी, त्यात पुढची तारीख आणि त्या तारखेचे काम लिहावे. या कामांना काही महिने लागतात, म्हणून शेवटची शिल्लक त्यासाठी राखून ठेवणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. पुढच्या तारखेला नावाचा पुकारा होईल तेव्हा प्रत्येक पक्षकाराच्या बाजूने वकील हजर असेल, एवढी खात्री झाल्यावरच केंद्राची जबाबदारी संपते.