‘निष्क्रिय’ म्हणजे काय?

मानवी देहातून उष्णतेमुळे मिलिमीटर लहरी सतत बाहेर पडत असतात. कपडे त्यांना अडवत नाहीत. दडवलेल्या शस्त्राचा धातू अडवतो. स्वतः काहीही न सोडता या लहरी टिपणाऱ्या यंत्राला आपण ‘निष्क्रिय’ म्हणतो. पूर्वी त्यातला आरसा तरी फिरे. आता रांगेतील प्रत्येक अँटेनाच्या संकेताला इलेक्ट्रॉनिक रीतीने वेगवेगळा सूक्ष्म विलंब दिला, की यंत्र जागचे न हलता नजर फिरवते. समोरच्याला पत्ताही नसतो. मग हे निष्क्रिय कसले?

वकील म्हणून मला हा शब्द धोक्याचा वाटतो. ज्याने काही केलेच नाही, त्याने झडती घेतली कशी? असा युक्तिवाद अमेरिकेत झालाही: पोलिसांच्या कॅमेऱ्याने घराबाहेर पडणारी उष्णताच तर टिपली! २००१ च्या कायलो खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मी तरी ‘ग्राही’ असे लिहितो.