कोवलमचा वारा, तांबरमचा काढा

कोवलम म्हटले की केरळचा किनारा आणि तिथले तेल-मालिश आठवते. पण आणखी एक कोवलम चेन्नईहून महाबलीपुरमला जाताना वाटेत लागते. कोळ्यांच्या होड्या, लाटांवर फळी घेऊन झेपावणारी मुले आणि अंगाला झोंबणारा खारा वारा! अशी मोकळी हवा म्हणजेच औषध, असे आपण सहज म्हणून जातो.

एकेकाळी पाश्चात्त्य डॉक्टरही तेच म्हणत. किनाऱ्यापासून आत, तांबरमला १९२८ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच तेव्हा उपचार होता. पुढे औषधे आली. १९५९ मध्ये मद्रासच्याच एका अभ्यासाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर रोगी आपल्या साध्या घरातही तितकाच बरा होतो.

त्याच परिसरात २००५ पासून राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. तमिळ सिद्ध वैद्य नाडी पाहतात. वात, पित्त, कफ तपासतात. तापावर निलवेंबूचा कडू काढा देतात. निलवेंबू म्हणजे आपले किराईत! चिनी वैद्यही ते वापरतात. चीनच्याच अशा एका जुन्या वनस्पतीतून तू यूयू यांनी मलेरियाचे औषध शोधले आणि २०१५ चे नोबेल मिळवले.

औषध कुठले, यापेक्षा ते कसोटीला उतरले का, हे महत्त्वाचे. काढा घ्यायचा तर वैद्यांना विचारून. पण डेंग्यूचा ताप उतरल्यावर पोट फार दुखले किंवा रक्त आले, तर थेट रुग्णालय गाठावे.