हिवर, लिंब आणि बाकीचे

गडाच्या पायथ्याला शेरडं वळणाऱ्या मावशी थांबल्या. "हिवराचा काय फोटू काढायलात? गडाचा काढा की!" त्यांचं रास्तच होतं. नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी. माणसं इथं नगद नारायण महाराजांच्या दर्शनाला येतात, हिवर बघायला नाही. पण त्या सकाळी मला हिवराच्या सालीनं अडवलं होतं. कोवळ्या फांद्या पिवळट-पांढऱ्या, बुंध्याला मात्र पापुद्रे सुटलेले. ऊन तिरपं असेल तेव्हाच हे दिसतं. दुपारी मोबाइल आभाळाला भुलतो आणि झाड काळं करून टाकतो; मग बोट खोडावर टेकवायचं आणि उजेड जुळवून घ्यायचा.

रोजच्या वाटेवरच्या झाडांचे फोटो काढायचे, हा नाद मला आमच्या लिंबानं लावला, तेही तो गेल्यावर. रस्ता रुंद करताना तो तोडला. नंतर एका रात्री घरातले सगळे अल्बम काढून बसलो, त्याचा एक तरी फोटो सापडावा म्हणून. आत्याच्या लग्नात मांडवाच्या मागं एक फांदी आहे, नवरदेवाच्या फेट्यानं अर्धी झाकलेली. आजोबा बाजेवर बसलेत. धोतरावर पानांची सावली पडलीय आणि झाड चौकटीच्या बाहेर. धाकटा भाऊ पाटी-दप्तर घेऊन उभा आहे, त्याच्या खांद्याशी बुंध्याचा गेरू-चुन्याचा पट्टा दिसतो. एका फोटोत झोळी आहे, झोळीत बाळ आहे, वर गेलेला दोरसुद्धा आहे. दोर जिथं फांदीला बांधलाय तिथं फोटो संपतो. रोलमध्ये ३६ फोटो यायचे. त्यातला एक झाडावर घालवावा, हे कुणाच्या मनातही आलं नसेल. चैत्रातला त्याचा फुलोरा, अंगणभर पडलेल्या लिंबोळ्या, त्या झाडताना होणारी आईची चिडचिड, यातलं काहीच कुठं नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खा लिंब मला एकाही फोटोत मिळाला नाही.

इंग्लंडात टॅलबॉट नावाच्या गृहस्थानं १८४० च्या दशकात, फोटोची कला नुकती जन्मली असताना, हिवाळ्यातल्या निष्पर्ण ओकचा फोटो काढला. शेजारी माणूस नाही, घर नाही, चौकटभर ओकच. त्या ओकचा मला हेवा वाटतो. आपल्याकडं फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं, तेव्हा फार बरं वाटलं होतं. अध्यक्षांचा फोटो तरी पूर्ण काढतात.

फाल्गुनात पळस पेटला की सगळे मोबाइल बाहेर निघतात. मला पळस श्रावणातला आवडतो. फुलांचा मागमूस नसतो, रुंद पानांवर पावसाचं पाणी थांबलेलं असतं, आणि बांधावरून जाणारा एखादाच त्याला पळस म्हणून ओळखतो.